वाळूने शेवटचा सूर्य कधी पाहिला

४ मार्च
पोचलो एकदाचे. होल्डरनेसच्या किनाऱ्यावरची ही कॉटेज छोटी आहे, पण हीटिंग उत्तम आणि खिडकीतून थेट समुद्र. लीड्सपासून गाडी नीलनेच चालवली. तो माझा पीएचडीचा विद्यार्थी, लीड्समध्येच जन्मलेला. मराठी हौसेने बोलतो, चुकतो, हसतो. दुपारी पोहे केले. हिमयुगातला बर्फ या सखल भागावर नक्की कधी पसरला, ते शोधायचं आहे. खूप उत्साह वाटतोय.

५ मार्च
कडा पंधरा मीटर उंच. सगळी बर्फाने आणून टाकलेली तपकिरी माती. तळाशी, कमरेच्या उंचीवर वाळूचा थर. त्यात तीन स्टीलच्या नळ्या ठोकल्या आणि लगेच काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या. उजेड लागला की नमुना फुकट जातो. गाडलेल्या वाळूने शेवटचा सूर्य कधी पाहिला, हे लॅबमध्ये मोजतात. त्यानंतर तिच्यावर बर्फ आला.

११ मार्च
लॅबमधून सुयशचा फोन. दोन नळ्या वीस हजार वर्षांच्या. सर्वांत आत ठोकलेली तिसरी, शून्य. ती चुकून उघडलीस का, असं त्याने जपून विचारलं. मला रागच आला.

१२ मार्च
गिरमिटाने दोन मीटर आत भोक पाडलं. काळ्या ताडपत्रीखाली बसून पुन्हा नमुने घेतले. नील सोबत होता. काही चुकलेलं नाही.

१७ मार्च
तोंडाशी वीस हजार वर्षं. एक मीटर आत नऊशे. दोन मीटर आत, गेला आठवडा. सुयश म्हणाला, यंत्र दोनदा तपासलं. पक्ष्यांच्या बिळांतून उजेड आत जात असेल म्हणून कडा पालथा घातला. एकही नाही. बसवत नाही, जेववत नाही.

१८ मार्च
भोकातून ऊब येत होती. मी नको म्हणेपर्यंत नीलने खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर काढून म्हणाला, “आत कोणीतरी माझी हात धरली.”
हात कोपरापर्यंत उन्हाने भाजल्यासारखा लाल. मनगटावर फक्त चार पट्टे गोरे राहिलेले. बोटांचे.
त्याला गाडी देऊन लीड्सला घरी पाठवलं.

१९ मार्च
नीलची आई, उल्कामावशी, डॉक्टर आहेत. फोनवर म्हणाल्या, सनबर्नच आहे. या पावसात कुठून, ते मात्र विचारलं नाही. मला ताबडतोब निघायला सांगितलं.
बॅग भरली. दोनदा रिकामी केली.

२० मार्च, सकाळी
मावशींचा फोन. नील पहाटेच गाडी घेऊन गेलाय. फोन बंद.
गाडी इथेच आहे, कड्याच्या वर.

दुपारी
कड्याचा तुकडा ढासळलाय. भोक माणूस जाईल एवढं झालंय. समोर नीलचे बूट — नीट, शेजारी शेजारी. कोस्टगार्डला फोन केला. चाळीस मिनिटं म्हणाले. भरती चढतेय, खाली उभं राहता येत नाही, म्हणून भोकाच्या तोंडापाशीच बसलेय — सगळं लिहून ठेवते —

आतून ऊन येतंय. वहीवर पडलंय.
हाका मारल्या. वाकून आत बघतेय.

नील दिसतोय. खाली बसलाय, पाठमोरा. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. खूप. तीही पाठमोरी, एकमेकांचे हात धरून —
एकाने मान वळवली. आता दुसऱ्यानेही. नील, तू नको वळू — नील —