चौऱ्याहत्तर बाय अडतीस

सोमवार, ५ जानेवारी १९८७

चटई बंद! व्यासराज डॉक्टर एरवी हळू बोलतात, आज मात्र टेबलावर पेन आपटलं. "तुळसीबाई, या थंडीत फरशीवर चटई टाकून झोपता आणि कंबर दुखते म्हणून माझ्याकडे येता? गोळ्या देणार नाही. चांगली गादी घ्या. फार मऊ नको, फार कडक नको. आणि खाटेवर झोपा."

गादी – बरं. खाटेचं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

हे गेले तेव्हा वर्षभर चटईवर झोपायचं होतं, आमच्यात तसं करतात. वर्ष संपलं. 'आता ऊठ' असं कोणी म्हणालं नाही आणि मी उठले नाही. या फाल्गुनात सात वर्षं होतील. चटया मात्र पाच झाल्या.

माझ्यासाठी म्हणून गादी मी जन्मात कधी निवडलेली नाही. लग्नात आली ती सासूबाईंनी भरून घेतलेली. उद्यापासून बघायला लागायचं! हसू येतंय – त्रेपन्नाव्या वर्षी.

मंगळवार, ६ जानेवारी

शेजारच्या अंबुबाईला सांगितलं. "गादी? कुणाला बघायला येणार आहेत गं?" असली तोंडाळ! पण परवा बरोबर येते म्हणाली.

तिच्या जावयाने आणलेली गाद्यांची जाहिरात-पुस्तिका मागून आणली. कन्नडमधलं सगळं दोनदा वाचलं. चित्रातल्या बाया झोपल्या आहेत पण केस जागच्या जागी! ते सोडून द्यायचं. कामाचं एवढंच – दाबलेली जागा परत वर आली पाहिजे. जी येत नाही ती वर्षात बसते.

मला वाचायला कोणी शिकवलं नाही. शर्टाचा नमुना कापायला हे वर्तमानपत्र पसरायचे, तेव्हा खडूच्या रेघेच्या आतलं मी वाचायची. कितीतरी बातम्या मला नुसत्या बाहीएवढ्या माहीत आहेत. मराठी अक्षरं देवळातल्या भजनाच्या वहीवरून लावली. त्या जोरावर ही रोजनिशी चालते. पुस्तिका वाचताना ह्यांना सांगावंसं वाटलं – बघा, पहिल्यांदा पान पूर्ण आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

काय दिवस गेला!

अग्रहारातल्या नागराजच्या दुकानात गेलो. चार तऱ्हेच्या गाद्या. साधा कापूस – दर वर्षी पिंजून घ्यायला हवा आणि पिंजारी आता येतो कुठे? सावरीचा कापूस – पाण्यावर बसल्यासारखं मऊ, पण मध्ये गोळे होतात. फोम – नवा, हलका, भारी रुबाब. आणि रबर लावून दाबलेला काथ्या – कडक, पण अंग टाकलं की जरासा खाली जातो आणि थांबतो.

मी आधी खोळ बघितली. सवय. टाके लांब लांब, एका कोपऱ्यात तर दोरा सुटलेला. सांगितलं. नागराज म्हणाला, "अक्का, तुम्ही गादी घ्यायला आलात की माझ्या शिंप्याची परीक्षा घ्यायला?"

"दोन्ही," अंबुबाई म्हणाली. "तिच्या नवऱ्याने आयुष्यात एक टाका वाकडा घातला नाही. तुला सोडेल होय ती!"

मग नागराज म्हणाला, "मलगि नोडी अक्का." झोपून बघा! भर रस्त्यावरच्या दुकानात! मी नाहीच म्हणत होते. अंबुबाईने शटर अर्ध्यावर ओढायला लावलं, स्वतः शाल पसरून पडद्यासारखी उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, "आत ब्लाउजचं माप चाललंय, पुढे चला!" मी चप्पल काढली, पदर आवळला, आणि आडवी झाले. फोमवर आधी. छान वाटलं, पण कंबर खाली, पाय वर – टोपलीत पडल्यासारखं. मग काथ्यावर.

कंबर बोललीच नाही!

डोळे मिटले ते अंबुबाईने हाक मारेपर्यंत. "ऊठ गं तुळसक्का, माझे हात भरून आले." नागराजकडून दोन्ही गाद्यांचे वीतभर तुकडे मागून आणले. नुसतं झोपून काय कळतं? टिकणार किती ते घरी बघायचं.

रविवार, ११ जानेवारी

लेक आली, वनजा, नंजनगूडहून, सकाळच्या गाडीने. कारखान्याला सुट्टी. दोन्ही तुकडे हातात घेऊन दाबले, वास घेतला, वाकवून बघितले. माझ्याहून उत्साह तिचाच जास्त.

आणि मग म्हणाली, "खाट आहेच आपली. दोन्ही बाजूंनी कठडा. तू पडशील ही काळजी नाही. अम्मा, आता तरी त्या खाटेचा कुणाला तरी उपयोग होईल."

ती खाट. लोखंडी, दोन्ही बाजूंना कठडा. वनजाच्या पहिल्या पगारातून आली, ह्यांचं उजवं अंग गेलं त्या महिन्यात. पोरीने स्वतः जाऊन निवडली, बाबांना नवी साडी दाखवावी तशी दाखवली. ह्यांनी डाव्या हाताने कठडा चाचपून "चन्नागिदे" म्हटलं. छान आहे. चौदा महिने हे तिच्यावर होते. तपासायला डॉक्टर वाकले की हे त्यांचं माप पुटपुटायचे – छाती अडतीस, खांदा उतरता. हात गेला, नजर शाबूत. गेले तेही तिच्यावरच.

मी त्या खाटेवर एकदाही पाठ टेकलेली नाही. धुतलेले कपडे टाकते. सात वर्षं कपडेच झोपतात.

वनजाला काय सांगू? तिने दिलेली वस्तू. तोंडावर एवढा आनंद. मी "हो" म्हटलं.

सोमवार, १२ जानेवारी

इस्त्रीची परीक्षा! ह्यांची जुनी कोळशाची इस्त्री, पितळेची, एका हाताने उचलत नाही. दोन चौरंग मांडले, एकावर फोम, एकावर काथ्या. सकाळी सहा ते दुपारी बारा फोमवर इस्त्री, बारा ते सहा काथ्यावर. दोघांना सारखा वेळ, भांडण नको.

अंबुबाई दोनदा बघून गेली. "इस्त्रीला झोप लागली का गं?"

फोमवरून इस्त्री उचलली – खड्डा. दहा मोजले, वीस मोजले, शंभर मोजले. खड्डा तसाच, इस्त्रीच्या नाकाची टोकदार खूण सुद्धा!

काथ्यावरून उचलली. तीन मोजायच्या आत वर! टाळी वाजवली मी, एकटीच, घरात.

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी टेप काढली. माप ७४ × ३८. कागदावर लिहिलं, घडी घातली, कनवटीला लावलं.

नागराजला कागद दिला. रबराचा काथ्या, जाडी चार इंच. खोळीचे टाके बोटभर अंतरावर, जास्त लांब चालणार नाहीत, तेही लिहून घ्यायला लावलं. त्याने कागद वाचला. "सरी, बरं अक्का. खाटेचंच ना?"

मी म्हटलं, कोपऱ्यांना दुहेरी शिवण घाल.

नऊ दिवसांनी देतो म्हणाला. नऊ!

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गल्लीतल्या मुली तीळगूळ-खोबरं देऊन गेल्या. मी प्रत्येकीला सांगितलं, गादी येणार आहे. एकीने विचारलं, "आजी, वर चढून नाचायची?" हो, नाचायची.

सोमवार, १९ जानेवारी

वरची चादर शिवली. निळी, कडेला पांढरी पट्टी. गिऱ्हाइकांचे तीन ब्लाउज राहिले आहेत, राहू देत. मशीनवर पाय मारताना कंबर दुखली तर तिला म्हटलं, थांब, तीन दिवस.

ह्यांना असलं वाट बघणं आवडायचं. नवा कापडाचा तागा यायचा असला की सकाळपासून दारात. मला हसायचं नसे, तरी हसायची. आज दारात मी उभी होते आणि गादी यायला अजून तीन दिवस आहेत!

गुरुवार, २२ जानेवारी

आली! आणि बसत नाही!

नागराज स्वतः आला, दोन माणसं, ढकलगाडी. गल्ली जमली. कपडे काढून खाट मोकळी केलेली. गादी उचलली, कठड्यांमध्ये टेकवली – एक बाजू खाली जाते, दुसरी वर राहते. उलटी केली. तेच. नागराज गुडघ्याने दाबतो, माणसं दाबतात, अंबुबाई कठडा ओढते. काथ्या तो, वाकायला तयार नाही. शेवटी नागराजने टेप लावली. खाट आतून बहात्तर बाय छत्तीस. गादी चौऱ्याहत्तर बाय अडतीस.

"अक्का, कागद तुमचा आहे." खरंच माझा, माझं अक्षर.

अंबुबाईला आधी कळलं. "अय्यो! शिंप्याचं घर! दोन इंच सैल ठेवलं हिने! अगं, लोखंडाच्या खाटेला काय श्वास घ्यायचा असतो?"

जे हसले सगळे! कपडा अंगाबरोबर कापायचा नाही, दोन इंच जास्त ठेवायचे – आमच्या घरात पोरं हे आधी शिकतात, पाढे नंतर. मीही हसले. म्हटलं, सवय.

गादी भिंतीला उभी केली आहे. निळी चादर घडीतच.

शुक्रवार, २३ जानेवारी

नागराज परत येऊन गेला. "काठ उसवून दोन इंच कापून देतो. पण अक्का, एकदा काठ कापला की काथ्या तिथून सुटायला लागतो. मग वीस वर्षांची खात्री माझ्याकडून नाही."

कापायचं नाही म्हणाले. एकदम, मोठ्याने. तो बघतच राहिला.

आज चटईवरच. समोर गादी उभी. पाहुणीला बसायला न सांगितल्यासारखं वाटतंय.

रविवार, २५ जानेवारी

वनजा आली. गल्लीतून येतानाच तिला चौघांनी सांगितलं होतं, दारातून हसतच आत. "अम्मा, बाबा असते तर तुला पट्टी मारली असती!"

मग हसायची थांबली. खाटेकडे बघितलं. मी म्हणणार होते की कठडे काढून बघू. पण म्हटलं नाही. तीच खोलीभर फिरली. बाहेरच्या खोलीत ह्यांचं कटिंगचं टेबल आहे, सागवानी. शर्ट-पँटची कामं बंद झाल्यापासून त्यावर कापडांचा ढीग. ब्लाउज कापायला मला मशीनजवळची फळी पुरते.

"अम्मा, ते टेबल?"

"बघ बाई, बसते का," मी म्हटलं.

ढीग उतरवला. दोघींनी गादी ओढत नेली, अंबुबाईला हाक मारली, तिघींनी चढवली. चारी कडा बरोबर! एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. अंबुबाईने गालांवर हात मारून घेतला. "पांडुरंगा! हिच्या चुकीला सुद्धा जागा करून ठेवलीस!"

पण उंच. चढायला शिडी लागेल. गल्लीच्या टोकाच्या सुताराला बोलावलं. करवत पहिल्या पायाला लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. ह्यांचं सगळं आयुष्य त्या टेबलाशी उभं राहून गेलं, बसलेले फार कमी दिसले. चारही पाय दीड फुटाने कमी झाले तेव्हा बाहेर आले. भुसा हातात घेतला. अजून सागाचा वास.

खाट वनजाने स्वतः खोलली. पाना घेतला आणि एकेक नट सोडवला, भराभर. त्या वेळात माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. देवळाच्या धर्मशाळेत देणार, तिथे आजाऱ्यांना लागते. कठडा उचलताना म्हणाली, "जड होती ना अम्मा." मी म्हटलं, "हो गं, जड होती." तेवढंच.

निळी चादर घातली.

सोमवार, २६ जानेवारी

झोपले. सूर्य वर येईपर्यंत, एका कुशीवर. शाळेतल्या मुलांच्या झेंड्याच्या गाण्याने जाग आली. कंबर बोलली नाही.

वनजाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहिते. इथेही लिहिलं नव्हतं. तेरा तारखेला मी खाटेला टेप लावलीच नाही. तिचं माप मला पाठ आहे – बहात्तर बाय छत्तीस, चौदा महिन्यांत अकरा खोळी शिवल्या. टेप काढली ती सुद्धा उगीच. टेबलाच्या कडेवर इंचाच्या खुणा ह्यांनी स्वतः कोरून ठेवल्या आहेत. चौऱ्याहत्तरावर टेबल संपतं.