सोनूच्या हातातलं कथील

ता. ९ जानेवारी १९२८
तिसरीला म्हणी घेतल्या. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.' फळ्यावर लिहून वळते तर वर्ग खिदळतोय. दुसऱ्या रांगेतल्या सोनूने हात पाठीमागे लपवलेला. पोरीच्या हातात खरंच कथलाचा वाळा आहे, रोज बघते मी. आणि मीही हसले. मास्तरीण म्हणे!

ता. ११
सोनू दोन दिवस नाही. शाळा सुटल्यावर माझ्या खोलीपर्यंत बडबडत येणारी ती एकटीच. तिची आई गिरणीत, माझं इथे कोणी नाही, दोघींची सोय. काल-आज भिंतींशी बोलले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अशा मुली गळतातच. मनाला लावून घेऊ नका." लावून घेतलंय.
वर्गात अर्थ ठोकून दिला: नाव मोठं, पदरी काही नाही. म्हण निघाली कुठून, ते मलाच कुठे ठाऊक.

ता. १४, संक्रांत
शेजारी हळदीकुंकू. "कराचीहून तुमच्या ह्यांचं पत्र आलं का हो?" आलं म्हटलं. चार वर्षांत एक ओळ नाही. तिथे दुसरा संसार थाटलाय, हे इथे कोणाला माहीत नाही. कुंकू मात्र ठसठशीत लावते. तिळगूळ घरी आणला. एकटीने खाववेना.

ता. १५, रवि.
तिळगूळ घेऊन सोनूकडे. चाळीतली एक खोली. पोर दाराआड.
आई म्हणाली, "तुमी बी हसला म्हनं, बाई."
म्हटलं, हसले. चुकले.
मग तिने बसायला घोंगडी टाकली. सोनूआधी तीन लेकरं गेली. हिला सासूचं नाव ठेवलं. "नाव सोन्याचं, म्हनून हातात कथील घातलं. नजर लावनाऱ्याला वाटावं, दरिद्री पोर हाय, हितनं काय न्यायचं? सासूच्या सोन्याच्या पाटल्या हायत की ट्रंकेत. बारावं सरलं की घालायच्या."
म्हणजे म्हणीतली पहिली सोनुबाईही अशीच कोणाची वाचलेली लेक असेल? कोण जाणे.
म्हटलं, उद्याच वर्गात सगळं सांगते. कोणी हसणार नाही.
दाराआडून सोनू ओरडली, "नगा बाई! सांगितलं तर नजरंला कळंल की!"
आई म्हणाली, "हसू द्या लोकास्नी. पोर जगतीया न्हवं?"
शाळेचं विचारलं. आई उठून चुलीकडे वळली.

ता. १६
हे इथे लिहिलं तेही चुकलंच का? पान फाडायला घेतलं, फाडवेना. नजरेबिजरेवर माझा विश्वास नाही. तरी सांगायचं धाडसही नाही.
वर्गात एवढंच म्हटलं, "त्या दिवशी आपण हसलो ते चुकलं." एकीने विचारलं, "का बाई?" पाढे म्हणायला लावले.

ता. १७
इथे संक्रांतीला भरते त्या गड्ड्याच्या जत्रेत गेले. कासारणीकडे कथलाचे वाळे सगळे पोरांच्या मापाचे. एक वाकवून मोठा करून मागितला.
"सवाष्णीनं कथील कशापायी, बाई? मालक बोलतील की."
म्हटलं, "बोलतील तर बरंच होईल."

ता. १८
वाळा घालून शाळेत. फळ्यावर लिहायला हात वर केला नि वर्ग फुटला. हसू दिलं. मु. बाईंनी बोलावून विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, आवडला. त्यांना माझी कीव आलेली दिसली.
शाळा सुटली तर रस्त्यापलीकडे सोनू उभी. वर्गातल्या कोणी सांगितलं असणार. माझ्या हाताकडे बघत राहिली, जवळ आली नाही. मी वाटेला लागले. मागे अनवाणी पावलं वाजत होती. वळून बघायचं धाडस झालं नाही, मुद्दाम हळू चालले.