मुकी कुणाचं ऐकते

सोमवार, ३ नोव्हेंबर

दोन्ही पिल्लं आली! टोपलीतून उतरताच नराने माझ्या चपलेचा अंगठा तोडला. मादी दारातच बसून घर बघत राहिली — भाड्याने घ्यावं की नाही, अशा थाटात. भुंकली नाही की कुईं केलं नाही. नाव आपोआप पडलं, मुकी. तो पहिलवान.

पिल्लंवाल्या बाई म्हणाल्या, "रविवारपर्यंत ठेवा, काका. मग एक मी परत नेणार. दोन्ही ठेवलीत तर आपसांतच रमतील, तुमचं काही ऐकायची नाहीत."

लेकीचा निकाल आधीच लागलाय. (तिला पाळण्यात होती तेव्हापासून ताई म्हणतो, अजून सुटत नाही.) "नरच घ्या, बाबा. मादीचं दर सहा महिन्यांनी कोण निस्तरणार?" तिची अट साधी आहे. कुत्रं शिकलं, घरात सोबत झाली, तर मी इथे एकटा राहीन. नाहीतर या घराला कुलूप आणि मी तिच्याकडे, मधल्या खोलीत.

चूक माझीच. ही गेल्यानंतर एकदा फोनवर बोलून गेलो — तुझी आई अजून स्वयंपाकघरात आहे असं वाटतं गं. त्या दिवसापासून ताई माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शिकवणारा आला. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त, सगळे हवालदार म्हणतात. मिशा तशाच, आवाजही.

विचारलं, आज्ञेत कोण राहतं, नर की मादी? "काका, नर पोरगा आहे. जीव लावतो, पण मोठा झाला की प्रत्येक खांबाशी गप्पा मारत बसतो. मादी लवकर शहाणी होते. पण माजावर आली की शाळेला सुट्टी." मग स्वतःच हसला. "ऑपरेशन केलं की दोघांचंही डोकं ठिकाणावर. खरं सांगू? जे तुमच्या तोंडाकडे बघतं ते घ्या."

मी पहिलवानाला म्हणालो, "बस रे बाळा, बैस पाहू जरा—" हवालदार ओरडला, "काका! कविता नको! एक शब्द. एकदाच."

ही पण तेच म्हणायची. "अहो, कविता आवरा, चहा निवतोय."

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिलवान बसायला शिकला! बसतो आणि लगेच बक्षीस मागतो. मुकी माझ्या शब्दाला हलतसुद्धा नाही. भिंतीला सांगावं तसं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हे लिहायला हवं. कुणाला सांगता येणार नाही.

दुपारी आरामखुर्चीत पडलो होतो. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत कपाटापर्यंत गेलेला. शाळेतली एक कविता मनात घोळवत होतो — पाखरू घरट्याची वाट चुकतं ती, दुसरं कडवं कधीच पुरं आठवत नाही. पहिलवान घोरत होता. मुकी उठली. कुणी बोलावल्यासारखी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि बसली. नीट, हवालदाराने शिकवलं तशी. मान वर. ओट्यापाशी माणूस उभं राहिलं तर त्याचा चेहरा जिथे येईल, तिथे बघत होती.

चहाची वेळ होती.

ही चहाला हाक मारायची नाही कधी. ओट्याच्या कडेवर चमचा वाजवायची. एक आखूड, एक लांब. टक् — टाऽक्. लघु, गुरू! शाळेत पाटीवर लघूला अर्धचंद्र काढायचो आणि गुरूला आडवी रेघ, तसं. मी म्हणायचो, तुझं वृत्त चुकत नाही. ती म्हणायची, तुमचा चहा चुकतो रोज.

मी काही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज हवालदारासमोरच केलं तिने! तो दारात उभा, मी खुर्चीत. मुकी गेली, बसली, वर बघितलं. त्याच्या कपाळाला आठी. "तुमच्याशिवाय हिला कोण शिकवतं?"

"कुणी नाही. शेजारीण येते कधी." खोटं बोललो. शेजारीण कुत्र्यांना घाबरते.

"एका कुत्र्याला दोन मालक नकोत. ही ज्याचं ऐकते त्याच्याकडे द्या, नाहीतर नर ठेवा." आणि मोबाइल समोरच्या फळीवर उभा करून गेला. दुपारभर चित्रण चालू ठेवायचं, उद्या बघू म्हणाला.

नर ठेवणं शहाणपणाचं, कळतं मला. पण मुकी गेली तर त्या दाराकडे कोण बघणार? आणि खरं कारण सांगितलं तर ताई कुलूप घेऊनच येईल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ताई आली, हवालदार आला, तिघांनी मिळून चित्रण पाहिलं.

पडद्यावर एक म्हातारा डोळे मिटून पुटपुटतोय. किती वाळलोय मी! मुकी झोपलेली. मग कान टवकारते. उठते.

"थांबवा," ताई म्हणाली. "मागे घ्या. बाबांचा हात बघा."

खुर्चीच्या हातावर माझं डावं बोट. एक आखूड, एक लांब.

मला पत्ताच नव्हता. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले. डोळे मजकुरावर असायचे आणि हात आपापले खणांतून अक्षरं उचलायचे. त्यांना माझी गरज कधीच नव्हती. तेच हात आता हिचा चमचा वाजवतायत.

हवालदार मांडीवर थाप मारून म्हणाला, "तुम्हीच बोलावताय की तिला! दार समोर, तुमचं बोट त्याच दिशेला, म्हणून ती तिकडेच जाऊन बसते. पोरगी हुशार आहे."

ताई आधी हसली. मग ओढणीत तोंड खुपसून रडली. "आईचा चमचा, बाबा. मी विसरलेच होते." कितीतरी दिवसांनी माझ्याशी सरळ आवाजात बोलली. जाताना म्हणाली, "मुकीलाच ठेवा. राहा इथे."

जिंकलो म्हणायचं. घर राहिलं, मुकी राहिली.

आणि स्वयंपाकघर रिकामं झालं. तिथे कुणी नव्हतंच, मीच खुर्चीतून स्वतःला चहाला बोलावत होतो. संध्याकाळी मुद्दाम दारात जाऊन उभा राहिलो. ओटा, चमच्यांचं स्टँड, नळाचा थेंब. एवढंच.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिलवान गेला. टोपलीतूनही बक्षीस मागत होता, लबाड.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. घट्ट. कविताही म्हटली नाही.

चहाची वेळ झाली. मुकी उठली, दारात जाऊन बसली. मान वर केली — आणि शेपूट हलवू लागली.

ताईला सांगणार नाही.