घासलेला सांधा

५ फेब्रुवारी

पुढचा ॲक्सल सुटला एकदाचा. चार तास! एक नट इतका हट्टी, की पान्यावर उभी राहिले तेव्हा हलला. आता भंगारातून आणलेला ट्रकचा जाड ॲक्सल बसेल. स्टिअरिंगही नवं. दादा म्हणतो, गाडी विकायची तरी धड करून विकायची.

दादाने आणि मी घरामागच्या शेडमध्ये बांधलेली गाडी. चिखल, खडक, चढ – कशालाच ऐकायची नाही. महिन्यापूर्वी खाणीच्या उतारावर वळलीच नाही, खड्ड्यात गेली. दादाला नुसतं खरचटलं. शेजारी वहिनी होती. तिचा उजवा हात गेल्यात जमा आहे. तिच्या शिवणाच्या मशीनवर चादर टाकलीय.

"माझंच लक्ष नव्हतं." महिनाभर दादा भेटेल त्याला हेच सांगतोय.

तोच दिवस, संध्याकाळी

स्टिअरिंगचा जुना रॉड काढला. दोन तुकडे. पडताना तुटला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुटलेलं तोंड फडक्याने पुसलं. अर्ध्या भागावर जुना गंज – म्हणजे तडा आधीचा. मध्ये करवतीचे ओरखडे जसेच्या तसे. वेल्डिंग आत पोचलंच नव्हतं.

सांधा माझा. रॉड आखूड पडला म्हणून मीच दोन तुकडे जोडले. वरून नळी चढवून पक्का करायला हवा होता. ते राहिलं बाजूला, मी ग्राइंडरने घासून गुळगुळीत केला, शोधून सापडू नये असा. का, तर दादा चिडवायचा, "तुझं वेल्डिंग म्हणजे कपाळावरचं टेंगूळ." जे थोडंफार धरून होतं, तेही मीच घासून टाकलं.

६ फेब्रुवारी

दोन्ही तुकडे ऑइलच्या पिंपामागे ठेवले. लपवले म्हण की सरळ.

९ फेब्रुवारी

नवा ॲक्सल जॅकवर चढवला. दादा दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "ब्रेक आधीच दाबायला हवा होता ना गं?"

मी म्हटलं, "तो लाकडी ठोकळा दे इकडे."

काय बाई आहे मी.

१२ फेब्रुवारी

सोळा वर्षं ॲम्ब्युलन्स चालवतो दादा. आज जेवताना म्हणाला, "घरच्या माणसाला धड नेता आलं नाही, परक्या पेशंटला काय नेणार? राजीनामा लिहिलाय."

वहिनी डाव्या हाताने वाढत होती. म्हणाली, "लिहिलाय तर खिशात राहू द्या. घाई कसली?"

एका वाक्याने सुटेल तो, आणि ते वाक्य माझ्याकडे आहे. पण मग वहिनी माझ्याकडे कशी बघेल? मशीनवरची ती चादर माझ्यामुळे पडलीय, हे तिला कळेल. भीती वाटते. खरंच वाटते.

उद्या सांगते.

१३ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१७ फेब्रुवारी

नवा रॉड बसवला. अखंड, मध्ये कुठे सांधाच नाही. एवढाली चाकं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हाताने वळतात. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. थुंकावंसं वाटलं त्याच्यावर.

वहिनी चहा घेऊन आली. "किती वाळलात वन्सं," म्हणाली. "माणसाने इतकं राबू नये." लाडात आली की मला वन्सं म्हणते. कप परत द्यायला मला मान वर करता येईना.

आता बास. उद्या सांगायचंच.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. दोन्ही तुकडे दादापुढे ठेवले, गंज दाखवला. तो बराच वेळ बोटाने चाचपत बसला. मग म्हणाला, "सकाळीच राजीनामा देऊन आलो. त्यांनी घेतलासुद्धा."

तुकडे खाली ठेवून त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आज. आत्ता शेड झाडताना."

"मग तू तरी काय करणार," म्हणाला, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.