ऑर्विलच्या वडिलांचं पहिलं हत्यार

२९ सप्टेंबर २००६, डब्लिन

हत्यार मिळालं! परवा खंडेनवमी. तीस वर्षं पिंपरीच्या टूलरूममध्ये या दिवशी हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, आणि इथे लेकाच्या घरात औषधालासुद्धा एक कानस नाही. शेजारच्या ऑर्विलला हे सांगितलं, तर त्याने फळीवरून वडिलांचं हत्यारच काढून माझ्या हातात ठेवलं. पकडीसारखं, काळंकुट्ट. बंदुकीतून उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्यात धरायची आणि पुन्हा भरायची. वडिलांनी स्वतः बनवलेलं, १९११ सालचं. त्याच्या जोरावर पुढे कारखाना उभा राहिला. ऑर्विल चौऱ्याऐंशीचा, त्या कारखान्याचा इतिहास त्याने नुकताच लिहून हातावेगळा केलाय. दहा तारखेला हे हत्यार म्युझियमवाले नेणार. वडिलांचं नाव राहावं, एवढीच त्याची इच्छा.

१ ऑक्टोबर

सकाळीच पॉलिश पेपर घेऊन बसलो. मळकं हत्यार पूजेला मांडतात का कुठे! अडीच तासांत काळा रंग पार गेला, लोखंड लखलखलं. शोभना म्हणाली, "अहो, परक्याची वस्तू आहे ती." मी कसला ऐकतोय!

संध्याकाळी झेंडूचं फूल वाहून परत नेऊन दिलं. ऑर्विल बघतच राहिला. "थँक यू, मॅनी" म्हणाला (मला तो मॅनीच म्हणतो) आणि दार लावून घेतलं.

२ ऑक्टोबर

दसरा. मी काय केलं ते कळल्यावर नात इशिता किंचाळलीच — "आजोबा, इट्स अँटीक! असं क्लीन नाही करायचं! तो पेंट ओरिजिनल होता!" म्युझियमवाले आता घेतील की नाही, सांगता येत नाही म्हणे. श्रीखंडाची वाटी तशीच सारून उठलो. माती खाल्ली मी!

४ ऑक्टोबर

त्याचे पडदे बंदच.

५ ऑक्टोबर

इशिताला घेऊन माफी मागायला गेलो. हात जोडले. ऑर्विल हळूच म्हणाला, "रंग डॅडींनी स्वतः दिला होता, मॅनी. त्यांच्या हाताचं तेवढंच उरलं होतं." चिडला असता तर बरं झालं असतं. जूनपासून रोज अकराला त्याच्या पोर्चवर आमची बैठक. त्याचं बोलणं मला निम्मंच कळायचं, तरी फार जीव जडलाय माझा या माणसावर. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

८ ऑक्टोबर

ऑर्विल आपणहून आला — भिंग घेऊन! हँडलच्या आतल्या बाजूला, रंग होता तिथे, लोखंडी पंच ठोकून उमटवलेली बारीक अक्षरं. मला चष्म्यातूनही दिसली नव्हती. इशिताने वाचली: 'क्लाराने बनवलं, १९११.' क्लारा म्हणजे त्याची आई. जन्मभर कारखान्यात जेवणाचा डबा पोचवत राहिली, याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. आणि वर रंग दिला तो वडिलांनी. ऑर्विलने इतिहासाचं पहिलं पान माझ्यासमोर फाडलं. उद्या अकराला पुन्हा लिहायला बसायचंय. मी शेजारी हवा म्हणाला.