आठवणीचे पैसे वेगळे

अहो,

तुमचं ते अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर डोक्यात गेलंय. आधी म्हणे महिन्याला थोडेसेच. मग आपल्या सलूनमधल्या प्रत्येक खुर्चीचे वेगळे, गिऱ्हाइकाला आठवणीचा मेसेज गेला की त्याचे वेगळे, आणि बंद करायचं म्हटलं तर वर्षाचे आगाऊ भरलेले परत मिळत नाहीत. शी! इतकी वर्षं साबणाच्या हातांनी फोन उचलून गिऱ्हाइकांना वेळा देण्याचं, आठवण करण्याचं हेच काम मी करत होते, तेव्हा कधी चहा तरी विचारलात?

आज आईंचे डोळे तपासायचे होते. तुम्हाला मेसेज आला नसेल, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलेय. जेवण झाकून ठेवलंय.

आईंना सांगितलंय, तुम्हीच सकाळी मला आठवण करून दिलीत.

हे मात्र फुकट.