तिच्या पायरीची चूक

अण्णा,

आज सकाळी शेजारच्या छोट्या मुलीनं पाटीवर ‘पतर’ लिहिलं आणि मी, जिला अख्खं महाड कडक बाई म्हणून ओळखत होतं, चक्क टाळी वाजवली. जोडाक्षराच्या उंबरठ्यावर आली होती पोर! तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून सगळी कामं बाजूला सारून बसले आहे.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी बी. ए. होऊन पुण्याहून तुडीलला आले आणि तुम्ही तुमच्या शाळेतली तिसरी माझ्या हाती दिलीत. पहिल्याच दिवशी मी शुद्धलेखन घातलं आणि पाट्या रेघोट्यांनी भरून टाकल्या. तुम्ही त्या पाट्या तुमच्या घरच्या ओट्यावर ओळीनं मांडल्यात. “चुका मोजू नकोस, वाच. ह्याला काना दिसतो, वेलांटी अजून दिसत नाही. हिला वेलांट्या येतात, जोडाक्षर फुटतं. ज्याला त्याला त्याच्या पायरीची चूक दाखव. वरच्या पायरीची राहू दे.” मला राग आला. कॉलेजात शिकून आलेली मी! पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या केल्या : फूल, फुलाला, दूध, दुधात, मूल, मुलाचा. मुलांना म्हटलं, सारखे दिसतील ते शब्द एकत्र ठेवा. नियम सांगितला नाही. वर्गात बाजार भरला आहे, मी ओरडायच्या बेतात आहे, आणि खालच्या वाडीतली एक मुलगी एकदम उठते, “बाई, बाई! शेपूट लागलं का उकार आखडतो!” अण्णा, अंगावर काटा आला माझ्या. मग मीठ, पीठ, गूळ, सापडेल त्याला आम्ही शेपूट लावत सुटलो.

त्याच मुलीला शाळेतून काढायचं घाटत होतं. आजी म्हणायची, “शिकून काय कराचाय गो तिला? म्हशींमागं तरी जाईल.” मुंबईला गिरणीत असलेल्या बापानं कळवलं, पोरीनं स्वतः पत्र लिहून दाखवावं, तरच पुढं शाळा. तिनं लिहिलं. मी ते सुधारून तिच्याकडून तीनदा उतरवून घेतलं, एक चूक राहू दिली नाही. गणपतीनंतर उत्तर आलं : ‘पत्र बाईंचं हाय. पोरीला येत नाय. काढा.’

तुम्ही विचारलंत, “कोणी लिहिलं होतं?”

“तिनंच,” मी म्हणाले.

तुम्ही तिला ओट्यावर बसवून पोस्टकार्ड दिलंत, आणि मला आत वाल सोलायला धाडलंत. ‘म्हस याली. रेडकु गोड हाय. आजी वरडते.’ तसंच्या तसं पेटीत टाकलंत. भातकापणीला बाप आला तो थेट शाळेत, कार्ड नाचवत. “मास्तर, ही माजीच पोर! आशीच बोलते ती. र्‍हाऊ द्या शाळेत.” त्या दिवशी मला वर्गात हसू आवरेना आणि मुलं घाबरून बघत राहिली.

एक मात्र मी तुम्हाला सांगितलं नाही. पहिल्या पत्रात मी नुसतं शुद्धलेखन सुधारलं नव्हतं. तिनं शेवटी लिहिलं होतं, ‘बा गनपतीला ये.’ वडिलांना असं लिहायचं नसतं म्हणून मी ती ओळ काढली आणि ‘इकडील सर्व क्षेम’ घातलं. त्या गणपतीला तो आला नाही. ती मात्र रोज सावित्री नदीच्या काठी, होडी लागते तिथं जाऊन वाट बघायची. मी शाळेच्या दारातून बघत होते.